पुढच्या चाकातला निळा दोरा

मी आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट अशी: माझ्या मोटारसायकलचं मीटर माझ्याच हातानं बंद पडलं होतं. ते मला एका शनिवारी दुपारी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चार लोकांत सांगायची वेळ आली, तेव्हा मी उठून पाण्याच्या टँकरबद्दल बोललो. त्यानंतर एका माणसाचं गॅरेज गेलं.

वाचायला हे विचित्र वाटेल. मलाही वाटतं. एक बोटभर लांब वायर आणि एका माणसाची रोजीरोटी यांचा काय संबंध, असं मी स्वतःला बरेच दिवस विचारत होतो. संबंध मी होतो.

मी हडपसरच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासतो. मायक्रोमीटर, प्रेशर गेज, तापमापक, वजनकाटे. उपकरण खरं सांगतंय की खोटं, आणि खोटं सांगत असेल तर कितीनं, हे पाहायचं. बरोबर असेल तर त्याला एक छोटी चिठ्ठी बांधायची, त्यावर माझी सही. ही चिठ्ठी आम्ही निळ्या टंगुसानं बांधतो. मासे पकडायचा असतो तसला नायलॉनचा दोरा. तेलानं कुजत नाही, हातानं तुटत नाही. त्याचं रीळ माझ्या टेबलाच्या खणात असतं आणि त्या रंगाचा टंगूस मी बाजारात दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. हे सांगून ठेवतो, कारण पुढे लागेल.

दर खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. हारांच्या टोपल्या येतात, पेढे येतात आणि पूजेआधी मला पाच मिनिटं बोलायला लावतात. गेली कित्येक वर्षं मी तेच बोलतो: फिरणाऱ्या भागाला हार घालायचा नाही. लेथच्या फिरत्या जबड्याला नाही, मोटारीच्या शाफ्टला नाही, पट्ट्याच्या चाकाला नाही. हार घालायचा तो मशिनच्या अंगाला. फुलं गळतात, दोरा राहतो, आणि दोरा कुणाचा मित्र नसतो. या शेवटच्या वाक्याला पोरं हसतात. ते माझ्याआधीच म्हणतात.

त्या वर्षी हे भाषण करून मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाला हार घातला.

हँडलला मोठा हार होताच. फुलं उरली होती. मी खाली बसलो आणि एक छोटा हार पुढच्या चाकाच्या आसाला, दोन्ही बाजूंच्या दांड्यांना गाठी मारून बांधला. छान दिसत होता. बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, सुती दोऱ्यात ओवायचा ना. हे काय निळं निळं?"

"सुती तुटतो. गेल्या वर्षी निम्मा हार रस्त्यात सांडला."

"देवाचा हार सांडायचाच असतो."

मी ऐकलं नाही. चाकाखाली लिंबू ठेवलं, सोसायटीला एक फेरी मारली, सोनं वाटलं. दुसऱ्या दिवशी हार ओढून काढला. झेंडू हातात आले, गाठी मारलेला दोरा आत राहिला. कात्री वर होती. पुन्हा तीन मजले वर जायचा कंटाळा आला. पडेल आपोआप, म्हटलं.

आता त्या माणसाविषयी.

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून तीन गाळे आहेत. ते सोसायटीच्याच मालकीचे. कोपऱ्यातल्या गाळ्यात तो गॅरेज चालवायचा. पस्तिशीचा असेल. मूळचा यवतमाळकडचा. चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर होता, कंत्राट संपलं तशी हत्यारं गोळा करून इथे आला. त्याचा पहिला ग्राहक मी. मलाच त्याचा हात आवडला आणि मीच चार लोकांना सांगितलं. काम करताना तो गाडीशी बोलायचा, नट हलक्या हातानं सोडायचा, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू एका थाळीत, ज्या क्रमानं काढला त्या क्रमानं मांडायचा. मला तो 'काकाजी' म्हणे. पहिल्यांदा जरा कानाला टोचलं. आमच्याकडे काका म्हणतात आणि तेही नाइलाजानं. पुढे सवय झाली. खरं सांगायचं तर आवडायला लागलं.

दसऱ्यानंतर आठवड्याभरानं मी त्याच्याकडे पुढच्या ब्रेकचे पॅड बदलायला गाडी दिली. त्यासाठी चाक काढावं लागत नाही, बाजूचा ब्रेकचा भाग तेवढा सुटतो. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो. मी घाईत होतो, कानाला फोन होता. किल्ली देताना तो काहीतरी म्हणाला. मी मान डोलावली आणि निघालो. तो काय म्हणाला ते मी तेव्हा विसरलो. नंतर आठवलं. इतकं स्वच्छ आठवलं की अजून जात नाही. पण ते त्याच्या जागी सांगतो.

दोन दिवसांनी गंगाधामच्या उतारावर माझं मीटर शून्यावर गेलं. आकडे आहेत, दिवा आहे, पेट्रोल दाखवतंय, आणि वेग शून्य. गाडी पन्नासनं चाललीय आणि मीटर म्हणतंय तुम्ही उभे आहात. ज्याचा जन्म मीटर तपासण्यात गेला त्याच्याच डोळ्यांदेखत. मला इतका राग आला की मी गाडी बाजूला घेऊन नुसता त्या शून्याकडे बघत राहिलो. पहिला विचार मनात आला तो असा: परवा पुढच्या चाकाला हात कुणी लावला होता?

बस. तपास तिथेच संपला. कारखान्यात माझ्या हाताखालच्या कुणी असा तपास केला असता तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं.

मी त्याच्याकडे गेलो नाही. हे मला अजून समजत नाही. तीस पावलांवर गॅरेज. जाऊन म्हणायचं, अरे, मीटर बंद पडलंय, बघ. पण आम्ही असे सरळ बोलत नाही. आम्ही लिहितो. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी शेजाऱ्याला फोनवर एक मजकूर पाठवला. शेजारी म्हणजे आमच्याच मजल्यावरचे, निवृत्त, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि अशा मजकुरांचे मोठे शौकीन. मजकूर असा होता:

"सूचना. कोपऱ्यावरील गॅरेजात ब्रेकचे काम चोख होते. गाडी तर थांबतेच, मीटरही थांबते. वेळ मात्र थांबत नाही, तेव्हा घाई असणाऱ्यांनी अन्यत्र जावे."

त्यांचं उत्तर आलं, "वा! लेखकाचे नाव गुप्त ठेवतो." आणि त्यांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत हसून लोळणारे चेहरे मोजता येत नव्हते. लिफ्टमध्ये एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "मीटरही थांबते! कोणी लिहिलंय हो? भन्नाट." मी लिफ्टच्या आरशात बघत होतो. मला आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता.

पुढच्या शनिवारी मला सुट्टी होती. वायर कुठे तोडली आहे ते शोधायचं, फोटो काढायचा आणि शेजाऱ्याला पाठवायचा, असा बेत होता. म्हणजे पुरावा. मी पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरलं, मल्टिमीटर आणला आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा घालून पुढचं चाक अधांतरी केलं.

हा बिघाड शोधणं अवघड नसतं. पुढच्या चाकाबरोबर एक दातेरी कडी फिरते. तिच्या अगदी जवळ, नखाएवढं अंतर ठेवून, सेन्सर बसवलेला असतो. दाता समोरून गेला की सेन्सर वायरीतून वर एक ठोका पाठवतो. मीटर ठोके मोजतं आणि वेग सांगतं. तेव्हा वरून खाली यायचं. आधी फ्यूज: ठीक. मग दिव्यामागचा जोड उघडून पुसला: ठीक. जोडावर तीन वायरी. वीज येतेय, अर्थिंग बरोबर आहे. तिसऱ्या वायरीवर ठोका यायला हवा. एका हातानं चाक फिरवलं, दुसऱ्या हातात मल्टिमीटरची सुई. काहीच नाही. म्हणजे एक तर सेन्सर मेला, नाहीतर वायर मधेच तुटली.

वायर बोटांनी चाचपत खाली आलो. आसापासून चार बोटं वर वायरीच्या काळ्या आवरणाला बारीक चीर होती. आतलं तांबं दिसत होतं, तार तुटलेली.

"सापडलास," मी मोठ्यांदा म्हणालो. पाना घसरला असणार, मनात आलं. पॅड बदलताना. फोन काढून फोटो घेतला. नंतर आणखी जवळून घेण्यासाठी खाली वाकलो आणि पाहिलं की चीर पान्याची नाही. पाना घसरला तर आवरण दबतं, फाटतं. ही चीर केसासारखी बारीक होती. करवतीनं कापावी तशी, एकाच बाजूनं, एकाच ठिकाणी, पुन्हा पुन्हा घासून आलेली.

अशा चिरा मी ओळखतो. माझं काम आहे ते.

मी आसाचा नट सोडला आणि चाक बाहेर काढलं. चाकाच्या मध्याशी, दातेरी कडीच्या मागे, निळा टंगूस होता. दहा-बारा वेढे, ताणून बसलेले, गरगर फिरून वितळल्यासारखे एकमेकांना चिकटलेले. त्यात झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या आणि आंब्याच्या पानाचा देठ. एक टोक सुटून वायरीभोवती गेलं होतं.

मी मांडी घालून जमिनीवर बसलो.  वॉचमन येऊन म्हणाला, "साहेब, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "ऊन लागलं." पार्किंगला छप्पर आहे.

बसलेल्या जागी मला ते आठवलं. किल्ली देताना तो जे म्हणाला ते. आवाजासकट आठवलं.

"काकाजी, चाकात कायतरी दोरा दिसून राह्यला. चाक खोलून पाहा लागन. उद्या गाडी सोडून द्या, मी काढून देतो."

मी कानावरचा फोन जरा बाजूला करून म्हणालो होतो, "पुढच्या वेळी बघू." गाडी वळवताना मनात म्हणालो होतो की झालं, एक काम दिलं की दुसरं काढतात.

तोपर्यंत वायर बहुधा तुटायची होती. त्याचं ऐकून दुसऱ्या दिवशी गाडी ठेवली असती तर तुटलीच नसती. त्यानं पाहिलं होतं, सांगितलं होतं. ज्याला सांगितलं त्यानंच त्याच्यावर सूचना लिहिली होती.

  तरी मी काम पूर्ण केलं, ते मला येतंच. टंगूस कापून काढला, तार जोडून कथलाचा डाग दिला, वरून स्लीव्ह चढवली, चाक बसवलं. चावी फिरवून चाकाला हातानं गती दिली. आकडे चढले. चार, सात, अकरा. नेहमी मला हा क्षण फार आवडतो. त्या दिवशी मी आकडे खाली येईपर्यंत दुसरीकडे बघितलं.

आणि तेव्हाच तो आला.

"काकाजी! घरी आहा का पाहाले आलतो, वॉचमन बोलला खाली हाय." त्यानं फोन पुढे केला. कुणीतरी त्याला ती सूचना पाठवली होती. "हे वाचलं का तुमी?"

मी वाचल्यासारखं केलं. माझीच तीन वाक्यं, त्याच्या काळ्या अंगठ्याखाली.

"कोनं लिवलं असन? या महिन्यात ब्रेकच्या पाच गाड्या केल्या मी. दोन याच सोसायटीतल्या. कोनी एक शब्द बोललं नाई. बोलले असते तं पाहून दिलं असतं ना." मग फोन खिशात ठेवत, "तुमचं मीटर तं चालू हाय ना?"

"हो," मी म्हणालो.

मीटर त्या वेळी खरंच चालू होतं. हे मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगितलं आहे. उपयोग होत नाही.

"मंग तुमी सांगू शकता," तो म्हणाला. "उद्या मिटिंग हाय तुमची. माझ्या गाळ्याचा करार वाढवाचा का नाई ते ठरनार. तेलाचे डाग, आवाज, हे बोलतेत लोक, ते मले मालूम हाय. त्याचं मी करून देतो बरोबर. पन हे वाचून आता म्हनून राह्यले का कामच खराब हाय. काकाजी, तुमी मशिनीतले मानूस. तुमी दोन शब्द बोलले तं ऐकतीन."

वर्तमानपत्रावर टंगुसाचा तो निळा गुंता पडला होता. पाकळ्यांसकट. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याच्यावर उभा राहिलो.

"बोलतो," मी म्हणालो.

"लय उपकार." मग त्याची नजर चाकाकडे गेली. "काय करून राह्यले? चाक काढलतं का?"

"साफसफाई. धूळ."

तो खाली बसला, आसाच्या नटाला बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "काकाजी, हे ढिल्लं हाय. असं चालवसान तं चाक निघून जाईन." माझ्या हातातला पाना घेऊन त्यानं नट आवळला. पुन्हा हात लावून पाहिला आणि अजून थोडा आवळला. मी वर उभा. पायाखाली टंगूस. तो माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर बसून माझा जीव वाचवत होता आणि मला एकच काळजी होती, त्यानं खाली बघू नये.

त्याला दिसलं की नाही, मला माहीत नाही. दिसलं असेल असं एखाद्या वेळी वाटतं. मग वाटतं, नसेल. दिसलं असतं तर तो पुढे जे म्हणाला ते म्हणाला नसता.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. तीसेक माणसं होती. मी घरून ठरवून आलो होतो. दाढी करताना वाक्य म्हणूनही पाहिलं होतं: ती सूचना मी लिहिली होती आणि ती चूक होती, दोष माझ्या गाडीत माझ्यामुळेच झाला होता. अवघड वाक्य नाही. कारखान्यात अशी वाक्यं मी रोज दुसऱ्यांकडून लिहून घेतो.

करारावर बोलणं सुरू झालं. एक बाई म्हणाल्या की मुलगा मेहनती आहे, माझी स्कूटर त्यानंच रुळावर आणली. दुसरे एक म्हणाले, "मेहनती आहे हो, पण फरशीवर तेल कोण पुसणार?" तिसरे म्हणाले, "फरशी पुसता येते." तोवर वारं त्याच्या बाजूनं होतं असं म्हणायला हरकत नाही. मग सेक्रेटरींनी चष्मा लावला, फोन काढला आणि म्हणाले, "या संदर्भात एक अधिकृत सूचना वाचून दाखवतो."

त्यांनी वाचली. ते उत्तम वाचतात. 'मीटरही थांबते' च्या आधी एक श्वास घेतात. सगळे हसले. ज्या बाई त्याच्या बाजूनं बोलल्या त्याही हसल्या. सेक्रेटरींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहून डोळा बारीक केला. त्यांना माझं लेखन माहीत होतं. माझा टंगूस माहीत नव्हता.

मी उभा राहिलो. खरंच उभा राहिलो. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, माना वळल्या.

"बोला," सेक्रेटरी म्हणाले. "तज्ज्ञांचं मत येऊ द्या."

तज्ज्ञ. आत्ता हसणारी ही तीस माणसं पुढच्या क्षणी कुणावर हसतील ते मला दिसलं. हारवाले काका. चाकाला हार, आणि हे म्हणे कारखान्यात सेफ्टी शिकवतात. ही सूचना माझ्यावर कशी लिहिली जाईल, तिचे शब्दसुद्धा मला ऐकू आले. मीच तशी लिहिली असती.

"टँकर," मी म्हणालो. "टँकर सकाळी साडेसहाला येतो तो सातला येऊ शकेल का? आवाजानं झोप मोडते."

मी बसलो. माझ्या तोंडातून ते निघालं याचा जेवढा धक्का मला बसला तेवढा आयुष्यात कशाचा बसलेला नाही. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हाही पायाखालची जमीन इतकी सरकली नव्हती. मी इतकी वर्षं स्वतःला एक माणूस समजत होतो आणि खुर्चीत भलताच कोणीतरी बसला होता.

हात वर करून मतं घेतली. करार थोडक्या मतांनी गेला. दोन्ही वेळा माझे हात मांडीवर होते. सेक्रेटरींनी वहीत लिहिलं, तटस्थ, एक. टँकर सातला येऊ लागला. अजून सातलाच येतो.

महिनाभरात त्यानं गाळा सोडला. सामान टेम्पोत चढवत होता तेव्हा मी कामावरून येत होतो. गाडी वळवून दुसऱ्या गेटनं आत जाणार होतो, पण त्यानं हात केला.

"वारज्याले जागा भेटली काकाजी. लहान हाय, पन होऊन जाईन." स्क्रू मांडायची ती थाळी त्याच्या हातात होती, जुन्या फडक्यात गुंडाळलेली. "मिटिंगमधी तुमी बोलले असान, मले मालूम हाय. एकट्यानं काय होते? तुमी वाईट नका वाटून घेऊ."

मी मान हलवली. कशी ते आठवत नाही. होकारार्थी असावी.

"गाडी घेऊन या तिकडं," तो म्हणाला. माझ्या पुढच्या चाकाकडे पाहून त्यानं आसाला बूट टेकवला. नट पाहिला. मग टेम्पोत चढला.

त्याला दोन वर्षं झाली. त्या गाळ्यात आता कपड्यांना इस्त्री करून देतात. बायकोनं तेव्हा एकदा विचारलं होतं, "अहो, मीटर कशानं बंद पडलं होतं शेवटी?" मी म्हटलं, "धूळ." ती म्हणाली, "एवढ्याशा धुळीनं?" आणि विषय संपला. गेल्या दसऱ्याला तिनं सुती दोऱ्यात हार ओवला, फक्त हँडलपुरता.  

सूचना मात्र हिंडते आहे. मागच्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या माझ्या मावसभावानं ती मला पाठवली. कुठल्यातरी भलत्याच गॅरेजच्या नावानं, शेवटी 'अस्सल पुणेरी' असं जोडून.  ती किती गॅरेजांवर चिकटली असेल, मला मोजता येणार नाही.

खंडेनवमीचं भाषण मी आता करत नाही. घसा बसलाय म्हणून सांगतो. एका तरुण इन्स्पेक्टरला शिकवलंय. तो दोऱ्याचं वाक्य माझ्यासारखंच म्हणतो आणि पोरं हसतात.

एकदा वारज्याला गेलो होतो. गाळा सापडला. रस्त्याच्या पलीकडे गाडी उभी करून पाहिलं. तो एका स्कूटरशी बोलत होता, थाळी शेजारी होती. मी हेल्मेट काढलं नाही. पाच मिनिटांनी परत फिरलो. जाण्यायेण्याचं अंतर मीटरनं बरोबर नोंदवलं. आता ते अचूक चालतं.

टंगुसाचा तो गुंता मी टाकलेला नाही. कारखान्यात माझ्या खणात, त्याच रिळाशेजारी, पाकिटात आहे. पाकळ्यांचा आता भुगा झालाय.

हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं असं मी मानत नाही. यात त्याचं नाव नाही, माझं नाही, सोसायटीचं नाही. ज्यांनी हसून मतं दिली त्यातलं कुणी हे वाचेलच असं नाही, आणि तो तर मुळीच नाही. माझ्याकडे राहिलंय ते एवढंच: वारज्याला जाऊन, हेल्मेट काढून, ते पाकीट त्याच्या थाळीत ठेवायचं आणि मी बोललो नव्हतो हे त्याला सांगायचं. मग त्याच ग्रुपवर माझ्या नावानं लिहायचं की दोष त्याचा नव्हता, माझा होता, आणि त्यानं मला आधी सांगितलं होतं. ही दोन कामं मी त्याचं देणं लागतो. अजून एकही केलेलं नाही.